देवक बसलेली भिंत

घराची परीक्षा घ्यायची म्हणजे आधी त्याला मारावं लागतं. हे मी नोकरीत नव्या पोरांना सांगायचो आणि ती हसायची. हातोड्यानं गिलावा उडवायचा, सांध्यात छिन्नी घालायची, आत चुना आहे की नुसती माती ते चिमटीत धरून बघायचं, कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतल्यात की नुसत्या टेकल्यात ते तपासायचं, आणि जिथं शंका येईल तिथं पहार चालवायची. राहणारी माणसं उंबऱ्याशी उभी राहून हे सगळं बघत असतात. डोळ्यांदेखत घरच्या माणसाला कुणी मारावं तशी त्यांची तोंडं होतात. मला त्याची सवय झाली होती. सवय म्हणणंही चूक, मला ते आवडायला लागलं होतं. हे आजवर कुणाजवळ बोललो नाही.

आम्ही मूळचे पाटणकडचे. वडील सरकारी कारखान्यात नोकरीला म्हणून बंगळुरात आले तेव्हा मी शाळेत होतो. बसवनगुडीत भाड्याचं घर, संध्याकाळी देवळाच्या टेकडीवर फिरायला जाणं, घरात मराठी आणि दाराबाहेर तोडकंमोडकं कानडी, असं ते वाढणं. पुढं मी इंजिनियर झालो आणि सरकारी खात्यात लागलो. सगळं साधं, सरळ चाललं होतं. मग कोयनेचा भूकंप झाला.

मावशी गावाकडे असायची. तार आली आणि वडील नि मी निघालो. मावशीचं घर दगडी होतं आणि भिंत हातभर जाड. गावात सगळे म्हणायचे, ह्या भिंतीला तोफ लागायची नाही. पण ती भिंत एक नव्हतीच. बाहेरच्या अंगाला एक दगडी पदर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये माती नि खडी कोंबलेली. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा, आरपार गेलेला एकही लांब दगड नाही. जमीन हलल्यावर शेंग उकलावी तशी भिंत उकलली. बाहेरचा पदर अंगणात पडला, आतला मावशीच्या अंथरुणावर. मीच तिला हातांनी उकरून काढलं. चेहरा ओळखू येत नव्हता. हातातल्या काचेच्या बांगड्या मात्र सगळ्या शाबूत होत्या.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढं जे झालं ते मला माहीत नव्हतं असं कुणाला वाटू नये. दोन पदरांची भिंत काय करते हे त्या शहरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

परतल्यावर साहेबांनी बोलावलं. बंगळुराला भूकंपाचं भय नाही असं सगळे म्हणतात, पण पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारभागातल्या, घरांना एक हिसका बसला तर काय होईल ते कुणी तरी जाऊन बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी पडलेली घरं पाहून आलो होतो, म्हणून काम माझ्याकडे. रीत साधी होती. एकेका मालकाचं घर घ्यायचं, तपासायचं, आणि धोक्याचं वाटलं तर दाराच्या वरच्या चौकटीवर डांबराचं गोल काढायचं. ज्या दारावर गोल, ते घर उतरवायचा हुकूम निघणार. माझ्या हातात पहार आणि डांबराचा डबा. वय तीस पुरं नव्हतं.

पेटेतल्या त्या गल्लीत जमीन तशी रोजच हलायची. निम्म्या घरांत तळमजल्यावर विजेवर चालणारे रेशमाचे माग होते. ते सुरू झाले की गल्लीभर भिंती थरथरायच्या आणि शेजारच्या घरातल्या तांब्यातलं पाणी दिवसभर शहारत राहायचं. अशाच एका मागाच्या घराला लागून शिंप्याचं घर होतं. कोयनेचं सांगायला लागलो तर शिंपी म्हणाले, आमच्याकडे भूकंप रोजच येतो, सकाळी सातला येतो, दुपारी जेवायला जातो, पुन्हा येतो. त्यांची मुलं खदाखदा हसली. हा घरचा जुना विनोद असावा.

ते मराठी होते. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर पूर्वज खाली आले आणि इथलेच झाले. छावणीतल्या अफसरांचे कोट शिवायचे. त्यांची मराठी मला कान देऊन ऐकावी लागे, दर दोन शब्दांमागे एक कानडी. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. मी पहिल्या दिवशी मराठीत बोललो आणि अक्कांनी पाट मांडला. अण्णा मला तम्मा म्हणायला लागले, म्हणजे धाकटा भाऊ.

मागवाल्याचं आणि ह्यांचं वैर बापजाद्यांपासूनचं. मागाच्या हादऱ्यांनी अण्णांच्या भिंतीवरच्या खुंट्या गळून पडत. एकदा पाळण्याची कडी सुटली आणि पोर खाली आलं. त्या रात्री अण्णांच्या पुतण्यानं पलीकडे शिरून कात्रीनं मागावरचं रेशीम कापलं. दुसऱ्या दिवशी मागवाल्यांनी अण्णांच्या शिलाई मशीनचं चाक रस्त्यावर आणून दगडानं फोडलं. पुतण्याचे दोन दात पडले. पुढं दोन्ही घरच्या बायका नळावर एकाच वेळी जात नसत. अण्णा मला म्हणाले होते, बघून घे तम्मा, काय लिहायचं ते तुला ठाऊक. मी मान हलवली होती. ते मान हलवणंही आज हिशेबात धरायला हवं.

मागवाल्याच्या घरी गेलो तेव्हा मागावर नवा ताणा चढवलेला होता. सबंध रेशीम, लग्नसराईचं, मोरपंखी रंगाचं. त्यानं कानडीत सांगितलं की एवढं कापडानं झाकून घेतो, मग काय ते करा. मला ते नीट कळलं होतं. मी थांबलो नाही. अण्णांच्या बाजूच्या भिंतीवर पहार घातली. वीटभर आत गेल्यावर पहार एकदम सैल झाली, भाकरीत बोट जावं तशी. बाहेर ओढली तर मूठभर माती आणि खडी भळभळून खाली आली, रेशमावर.

मी तसाच उभा राहिलो. ती माती मी ओळखली. ही एक भिंत नव्हती. दोन घरांनी आपापली वीटभर भिंत बांधून एकमेकींना पाठ लावली होती आणि मधली फट मातीनं भरली होती. दोन्ही घरं एकमेकांच्या आधारानं उभी होती आणि दोघांनाही वाटत होतं की आपण आपल्याच भिंतीवर उभे आहोत.

मागवाल्यानं रेशमाकडे पाहिलं. मग धोटा उचलला. मागाचा धोटा लाकडी असतो, टोकांना लोखंड. तो माझ्या भुवईवर बसला. मी पडलो तर त्यानं कॉलर धरून उठवलं आणि डोकं चौकटीवर आपटलं, दोनदा. दारात गर्दी जमली. कुणी तरी हसलं, आणि ते हसू मला घावापेक्षा जास्त लागलं. अण्णांच्या मुलांनी मला ओढून बाहेर काढलं आणि जाता जाता त्यांनीही त्याला धुतलं.

अक्कांनी जखमेत हळद दाबली. त्यांच्या घरात मुलीच्या लग्नाची घाई होती. तशाही अवस्थेत मी म्हणालो की मला तीच भिंत ह्या बाजूनं बघायचीय. पहार हातातच होती. अक्का भिंतीपुढं आडव्या येऊन उभ्या राहिल्या.

"तिथं देवक बसलंय हो. आता ठोकू नका. लगीन होऊ दे, मग काय फोडायचं ते फोडा. सरी? बरं?"

भिंतीशी पंचपल्लव बांधले होते, खाली तांदळाची रास, सुपारी, दिवा. देवक बसलं की ते उठेपर्यंत घरात घाव घालायचा नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्या घरीही तसंच. मी पहार खाली ठेवली. मागवाल्याच्या घरात शिरताना त्या भिंतीवर कुणाचे देव आहेत हे मी विचारलं नव्हतं. लाडू खाल्ला. लग्न झाल्यावर येतो म्हणालो.

पुन्हा गेलो नाही. जायची गरज नाही असं मी ठरवलं. त्याच दिवशी, भुवईवर पट्टी असताना, मागवाल्याच्या दारातल्या रांगोळीत पाय देऊन उभा राहिलो आणि चौकटीवर डांबराचं गोल काढलं. डांबर ओघळून उंबऱ्यावर पडलं. निर्णय खोटा नव्हता. मातीचा सांधा, डोक्यावर जड गच्ची, कोपरे सुटलेले. ते घर धोक्याचंच होतं. पण अण्णांचं घर त्याचंच जुळं भावंड होतं. अण्णांच्या घराच्या नावे मी भिंतीची पूर्ण जाडी धरली, जणू दोन्ही पदर त्यांचेच. त्यांची चौकट कोरी राहिली. अक्कांनी तिला आंब्याचं तोरण बांधलं.

पाडायचा दिवस पावसाच्या आधीचा होता. मजूर आले, पोलीस आले. खरं तर मी हजर राहायची गरज नव्हती. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

मागवाला उंबऱ्यावर आडवा पडला होता. त्याची मुलं धोटे घेऊन उभी. बायकांनी मागाचे खांब कवटाळले होते, तर शिपायांनी त्यांच्या मनगटांवर लाठ्या मारून हात सोडवले. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधीही ऐकला होता, तरी दचकलो. माग बाहेर ओढून रस्त्यावर फेकले. रेशमाची गुंडाळी उलगडत गटारात गेली. मागवाल्याच्या गुडघ्यावर लाठी बसली, तेव्हा तो ओरडला नाही, नुसता खाली बसला. शेवटी त्याला ओढत नेऊन समोरच्या ओट्यापाशी टाकलं. अण्णांची पोरं कट्ट्यावर बसून बघत होती. एकानं विचारलं, "काय हो, आज भूकंप किती वाजता?" सगळे हसले. मीही हसलो.

गच्ची उतरवली. आतल्या भिंती पडल्या. राहिली ती अण्णांच्या बाजूची. मुकादमानं काम थांबवलं आणि माझ्याकडे आला. शेजाऱ्याला लागून असलेली भिंत शेवटपर्यंत ठेवायची, हा त्यांचा नेम. त्यानं विचारलं, हिचं काय करायचं.

मागवाला ओट्यापाशी बसून माझ्याकडे बघत होता. शिव्या देत नव्हता, रडत नव्हता, नुसता बघत होता, माझ्या भुवईकडे. तिथली खूण त्यानं केली होती आणि ती दोघांनाही दिसत होती.

मी हात केला आणि म्हणालो, "भिंतही घ्या."

एवढंच. रागानं पिसाळलेला माणूस बोलतो तसं नाही. दुकानात एखादी वस्तू निवडावी तसं. मला ठाऊक होतं त्या भिंतीत काय आहे. तरी म्हणालो, कारण त्याच्या घरातलं काहीही उभं राहिलेलं मला नको होतं.

घाव बसायला लागले. अण्णांच्या घरात तसबिरी हलायला लागल्या असणार. अण्णा बाहेर कट्ट्याशी आले होते, त्यांनी आत हाक दिली, बाहेर ये म्हणून. अक्का आत भिंतीला दोन्ही तळवे लावून तसबिरी धरून उभ्या होत्या. आईवडलांची, देवीची, मुलीच्या लग्नाची नवी. आतून आवाज आला, "स्वल्प थांबा, येते."

मी होतो तिथून मला पलीकडच्यांना न दिसणारं दिसत होतं. मागवाल्याचा पदर सुटून आला आणि मधली माती फाटक्या पोत्यातल्या ज्वारीसारखी वाहायला लागली. मागं अण्णांच्या विटांच्या पाठी उघड्या पडल्या. त्या मध्यभागी फुगत होत्या. मी तोंड उघडलं. आवाज काढला नाही. मी काही बोललो असतो तर मला हे आधीपासून माहीत होतं हे उघड झालं असतं, एवढा विचार करायला वेळ मिळाला मला. म्हणजे ओरडायलाही मिळाला असता.

भिंत पोटात वाकली आणि अण्णांची गच्ची तिच्यामागून खाली बसली.

धूळ खाली बसायच्या आत मागवाला लंगडत आला. सगळ्यांच्या आधी. मोडका गुडघा ओढत विटा बाजूला टाकत होता. त्याची मुलं आली, अण्णांची मुलं, मजूर, शिपाई. मीही उकरलं. माझ्या हातांना ते काम येत होतं. अक्का सापडल्या तेव्हा त्यांचे तळवे तसेच पुढं होते, काहीतरी तोलून धरल्यासारखे.

मागवाला उठला. त्याच्या बोटांची कातडी सोलली होती. तो अण्णांपुढं गेला आणि ज्यांच्याशी बापजाद्यांपासून बोलणं नव्हतं त्यांच्या भाषेत, जमेल तसं, म्हणाला, "तुमचा साहेब बोलला. भिंत घ्या, बोलला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"तम्मा, खरं?"

"नाही अण्णा."

शिंप्याचा लोखंडी गज असतो, कापड मापायचा. अण्णांच्या मुलानं आतून वाचलेल्या वस्तू बाहेर आणून ठेवल्या होत्या, त्यांत तो होता. अण्णांनी तो उचलला आणि मागवाल्याच्या कानशिलावर मारला. तो पडला. अण्णांनी पुन्हा मारला. आवाज ओल्या मडक्यावर घाव बसावा तसा. सर्वांत जवळ मी होतो. हात पुढं केला असता तर दुसरा घाव चुकला असता. तो खोटं बोलला म्हणून अण्णा मारत होते, आणि तो खोटं बोलला नव्हता हे सांगू शकणारा त्या गल्लीत मुकादम सोडला तर मी एकटा होतो. मुकादम दुसऱ्याच दिवशी आपली टोळी घेऊन कुठल्याशा धरणाच्या कामावर गेला. त्याला कुणी विचारलं नाही.

चौकशी झाली. वर्षानुवर्षं मागांच्या हादऱ्यांनी भिंत खिळखिळी झाली होती, असं मी सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. मागवाला जगला. जीभ जड झाली, उजवा हात गेला. त्याचं सांगणं समजून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. अण्णा तुरुंगात गेले, पण बायको डोळ्यांसमोर गेली म्हणून शिक्षा थोडक्यात आटपली.

ते सुटेपर्यंत त्यांचं घर मी सांभाळलं. मुलांना काम लावून दिलं, बसवनगुडीत आमच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या बघून दिल्या. अण्णा सुटले त्या दिवशी न्यायलाही मीच गेलो. ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. पुढं कुणीही आलं की म्हणायचे, हा तम्मा नसता तर आमचं काय झालं असतं. माझ्या लग्नाचा कोट त्यांनी शिवला. माझ्या मुलाच्या मुंजीला ते, त्यांच्या नातवाच्या बारशाला आम्ही. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे जेवत आलो. दर वेळी पहिला घास मी पाण्याबरोबर उतरवायचो. तेही सवयीचं झालं.

पंधरा दिवसांपूर्वी गेलो तेव्हा अण्णा कापड कापत होते. आता नजर कमी झाली आहे, तरी कात्री सुटत नाही. मला बघून त्यांनी डबा उघडला आणि तळहातावर साखर ठेवली. म्हणाले, गेला तो एकदाचा. मागवाला गेला होता, आदल्या आठवड्यात. इतकी वर्षं खाटेवर पडून, बोलता येत नाही असा. अण्णांचा चेहरा उजळला होता. तोंड गोड कर म्हणाले.

मी साखर मुठीत धरली आणि सांगितलं. पहार सैल झाली इथपासून सगळं. पाडायच्या दिवशी मुकादमाला काय बोललो ते, आणि अण्णांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालो ते.

अण्णांनी कात्री ठेवली. "परत सांग."

मी परत सांगितलं.

"म्हणजे तो खरं बोलला, म्हणून मी त्याला मारला."

गज टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये होता, तोच. त्यांनी तो टाकला नव्हता. मी डोळे मिटून थांबलो. मारला असता तर बरं झालं असतं, अजून तसंच वाटतं. बराच वेळ काही झालं नाही म्हणून डोळे उघडले, तर अण्णा वाकून टेबलाखाली चपला शोधत होते.

"एक आठवडा आधी यायचास," ते म्हणाले. "तो असता. ऐकू तर येत होतं त्याला."

मी विचारलं कुठं निघालात. त्याच्या बायकोकडे, म्हणाले. सुतक असेल, तरी जातो. मी म्हणालो, अण्णा, मीही येतो.

"नको." त्यांनी दाराला धरून चप्पल चढवली. "तिथं कुणी तुझ्याकडे बोट केलं, तर मला परत तुला विचारावं लागंल, खरं का म्हणून."

जिन्यावर त्यांची काठी वाजत खाली गेली. मी खोलीत उभा होतो. मुठीतली साखर विरघळून बोटांना चिकटली होती.